बिनवॉर्निशची पलटण

— नाही नाही, त्या कोपऱ्यातली लांबी अजून ओली आहे, तिथे पॉलिश पेपर नका मारू, सगळी निघून हातात येईल. बघा, कसे बघताय! वहिनींना कसं कळलं, असंच ना? अहो पेंटरदादा, रंगातलं मला जेवढं कळतं ना, तेवढं या घरात कुणालाच कळत नाही — पण बोलायचं कुणाजवळ? तुम्ही शिडीवर आहात, पळून जाणार नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलते. हात चालू द्या, मी काही काम थांबवत नाही तुमचं.

ते टेबल चादरीनं झाकलंय ना तुम्ही, ते आमच्या यांचं रणांगण. हसू नका, खरंच. बोटाच्या पेराएवढे शिपाई मांडायचे, फासे टाकायचे, आणि दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हरलेली लढाई आपण जिंकायची — हा यांचा छंद. मंडळसुद्धा आहे, आज तिथे वर्षाची मोठी स्पर्धा, म्हणून तर सकाळीच पेटी घेऊन गेले. लढाईचं बक्षीस वेगळं आणि सगळ्यात सुंदर रंगवलेल्या पलटणीचं वेगळं. ते रंगाचं दरवर्षी यांना. दरवर्षी! आणि रंगवतं कोण? सांगा ना, कोण? — हां, बरोबर ओळखलंत. मी.

पहिल्यापासून असं नव्हतं हं, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला दोघंही बसायचो या खिडकीत. हे जाडजूड पुस्तकातून वाचून दाखवायचे — कोट निळा, मनगटाला पिवळी पट्टी, पट्टा पांढरा — आणि मी रंगवायचे. छान वाचतात हो. आवाज चांगला आहे मेला... असो. पहिल्यांदा बक्षीस घेताना म्हणाले, आम्ही दोघांनी केलं. मग म्हणायला लागले, मी केलं, हिची थोडी मदत. मग ती मदतही गेली. गेल्या वर्षी मी तिसऱ्या रांगेत बसलेली, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, एवढे बारीक डोळे काढता तरी कसे? तर हे म्हणतात, श्वास रोखून! अहो, श्वास माझा तो, दादा! आणि कुणीतरी विचारलं, वहिनींनाही नाद आहे का याचा? तर हसून म्हणाले, "तिला घराच्या भिंतींचा रंग ठरवता येईना, ती शिपाई काय रंगवणार!" सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्याचाच राग येतो मला अजून — त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त — की मी हसले.

पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणून वर्षभर तोंडातून ब्र काढला नाही. आणि मग तुम्ही आलात. मागच्या पॅसेजला तो स्वस्तातला निळा डिस्टेंपर मारलात आणि म्हणालात, वहिनी, टेकू नका हं, अंगाला लागतो. आठवतं? तर मी टेकलेच. विसरून हो, मुद्दाम कशाला टेकेन! पाठभर निळी झाले. मी ते कपडे चोळत बसले होते आणि चोळता चोळता डोक्यात लख्ख उजेड पडला. डब्याच्या तळाचा रंग मागून घेतला नव्हता का तुमच्याकडून, कुंड्यांना लावते म्हणून? कसल्या कुंड्या नि कसलं काय! अख्खी पलटण रंगवली त्यात. पिवळी पट्टी, पांढरा पट्टा, डोळे, मिशा, सगळं नेहमीच्या रंगात — इतकं देखणं आजवर झालं नव्हतं. फक्त कोट तुमच्या निळ्याचे. आणि वरून वॉर्निश नाही. एरवी दोन हात वॉर्निश मारते मी, म्हणून तर इतक्यांनी हाताळूनही रंग टिकायचा. यांना पत्ताच नाही की वॉर्निश म्हणून काही लागतं. असणार कुठून? ते रंगवणाऱ्यालाच माहीत असतं.

अहो, घाबरताय कशाला, तुमचं नाव कुठे येत नाही. तुम्ही त्या अध्यक्षांना पाहिलं नाहीत म्हणून. हाताला घाम असा, की हात मिळवला की आपण रुमाल शोधायचा. आणि खोड काय, तर एकेक शिपाई उचलून, उलटासुलटा करून, अगदी नाकाशी नेऊन बघायचा. व्हा म्हणावं आता निळे! नाक, दाढी, पांढरा सदरा, सगळं!

वाईट वाटतं का? छे. मुळीच नाही. म्हणजे — आज सकाळी पेटी उघडून धरली होती मी त्यांच्यापुढे. म्हटलं, न्यायच्या आधी एकदा नीट बघून घ्या. एकाला जरी बोट लावलं असतं ना, दादा, एकाला, तरी तिथल्या तिथे कळलं असतं, आणि मी सांगून टाकलं असतं, नेऊ नका म्हणून. शपथेवर सांगते. कुणी मान वाकवून बघितलं की किती बरं वाटतं माणसाला... यांनी वरूनच एक नजर टाकली, झाकण लावलं, म्हणाले, छान झालेत. आणि आभाराचं भाषण पुटपुटत बुटाची नाडी बांधायला बसले.

थांबा, फोन वाजतोय. यांचाच आहे.

हॅलो... हो, बोला... अहो हळू, काही कळत नाही... निळे? सगळ्यांचेच हात?... दाढीलासुद्धा? अगं बाई... काय विचारतायत अध्यक्ष?... वॉर्निश कोणतं मारलं?... मग सांगा की त्यांना. मला कशाला विचारता? रंगवलेत तुम्ही.

ठेवला मी.

उतरू नका, मला काही झालेलं नाही. पाणीबिणी काही नको. — पुन्हा वाजतोय. वाजू दे. तुम्ही जा, जेवून या आज जरा लवकर. आणि जाताना दार ओढून घ्या.