दोन खबऱ्यांची बातमी

कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या दवाखान्यात माझ्या शेजारी हेरखात्यातले एक निवृत्त अधिकारी आणि त्यांचा भाचा बसले होते.

"मामा, ज्याच्यावरून युद्ध पुकारलं तो शस्त्रसाठ्याचा अहवाल तुमचाच ना?"

"माझाच. दोन खबऱ्यांनी सांगितलं म्हणून छातीठोकपणे लिहिला."

"दोघंही खोटं बोलले?"

"नाही रे. दुसऱ्यानं पहिल्याकडून ऐकलं होतं."

"आणि पहिल्यानं?"

"पेपरात वाचलं होतं. पेपरच्या बातमीदाराला मीच सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्हीच स्वतःला फसवलंत!"

"आणि वर बढतीही घेतली. असा हुशार मामा नशिबानं मिळतो."

"आमच्या तुकडीनं तुमच्या अहवालातलं गोदाम उघडलं, तर आत साबणाच्या वड्या. सुरुंग तेवढा दाराशी होता."

"ठाऊक आहे रे, बाळा."

"चला, नंबर आला. हात द्या. दाराशी अंधार आहे, पुढे पायरी आहे का?"

"नसावी."

"मामा!"

"थांब, वाकून बघतो."