धक्क्याची ओवी

हॅलो? … हॅलो, भायखळा? … हो, आगाशीहून ट्रंक कॉल. मीच मागितलाय, सकाळी सातपासून बसलेय! … दवाखाना ना तो? कंपाउंडरदादा, वरच्या मजल्यावरच्या हिल्डाला हाक मारा… हो, नर्स हिल्डा. सांगा, नंदाखालची फ्लॉसी, तिची धाकटी बहीण… अहो पळा ना, इथं घड्याळ चालू आहे!

फ्लॉसीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता, विहिरीत सुटू पाहणारा कळशीचा दोर धरावा तसा. देवळातल्या मिस्सेला नेसलेलं धुवट लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. आगाशीतल्या हरिभाऊंच्या भातगिरणीतला हा फोन, म्हणून गिरणी त्यांनी बंद करून ठेवली होती, आणि दारात फिलोमिना मावशीसह पाच माणसं श्वास रोखून उभी होती.

हिल्डा? अगं बाय, आधी हे सांग, तो जुन्या मोटारी घेणारा शेट आला का? … बाराला येणार? बाबांनी कागदावर सही केली नाही ना? … देवा, उपकार तुझे! करू देऊ नकोस. दौत लपव, टाक लपव… अगं नाही, डोकं ठिकाणावर आहे माझं. ऐक ना… आपली गाडी चोरली!

… रडू नकोस! आहे, आहे, गाडी आहे! अंगणात आहे, नारळीखाली. चोरली म्हणजे चोरता चोरता राहिली… हो, आज पहाटे. सगळी मिस्सेला देवळात गेलेली ना, तेव्हा.

… साखळी? कापली. बाबांनी नारळीला बांधलेली ती एवढी जाड साखळी, काकडीसारखी कापली. आणि बॉनेटखाली गायीची घंटा बांधून ठेवलेली, तिच्यात चिंध्या कोंबल्या. … हँडल बाबांकडेच आहे ना? उशाखाली? बघ! मुंबईला खोकला दाखवायला गेले तरी गाडी सुरू करायचं हँडल पिशवीत. पण हँडलवाचून चोराचं काही अडलं नाही, बाय. लोटत लोटत गल्लीत आणली आणि तिथं रेतीत रुतली. आम्ही मिस्सेहून परत येतोय तर धुक्यात गाडी उभी, आत माणूस, डोक्यावर बाबांची हॅट…

… हो, तीच, स्टिअरिंगला लटकवलेली असते ती. गळ्याला मफलर. मला वाटलं, बाबाच! पहिल्या आगगाडीनं आले. त्यांना कुठं गाडीवाचून झोप लागते? दोन वर्षांमागं टायर चोरीला गेले तेव्हापासून दवात गाडीतच निजतात, म्हणून तर हा खोकला… हो गं, म्हणूनच तू गिऱ्हाईक शोधलंस. तुला कोण बोल लावतंय? पुढचं ऐक तर.

मग काय करणार? रोजच्यासारखं पदर खोचले आणि लावले हात! फिलोमिना मावशी, सॅन्टन, बेनेडिक्टमामा, पलीकडच्या दोघी जावा… आणि मी.

… हो, मी! मी स्वतः चोराला आपली गाडी ढकलून दिली! हस, हस. इथं सगळा गाव हसतोय.

फ्लॉसीही हसली. नंदाखालात फ्लॉसीच्या बाबांच्या, ॲन्सेल्मच्या, त्या मोटारीला धक्का देणं म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीला निखारा देण्यासारखं. कोणी विचारत नसे, कोणी नाही म्हणत नसे. तिसाव्या सालची म्हातारी गाडी. गावच्या किती नवऱ्या तिनं देवळाच्या पायरीशी उतरवल्या, किती अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवल्या, आणि एरवी केळीचे घड वाहिले. ती हटून बसली की आईनं तिला समजवायला एक ओवी बांधली होती. ढकलणाऱ्यांनी विचारायचं, गाडीतल्यानं उत्तर द्यायचं. उत्तरावर धक्का. आई जाऊन सहा वर्षं झाली, ओवी मात्र रोज सकाळी गल्लीतून जात होती.

ऐकतेस ना? … पहिल्या धक्क्याला गाडी रेतीतून अर्धी वर आली. मग मावशीनं सूर धरला, ‘हलेना, डुलेना, रुसली कशी गं बाय?’ आणि आम्ही गाडी तशीच धरून थांबलो. आतून काहीच नाही. … काहीच नाही! बाबा तापात असले तरी म्हणतात. मावशीनं पुन्हा विचारलं, जरा वरच्या पट्टीत. तर आतून काय यावं? ‘जोर लावा, जोर लावा!’

माझ्या अंगावर काटा आला, बाय. आई गेली त्या दिवशीसुद्धा, कबरस्तानातून परतताना गाडी अडली तर बाबांनी रडत रडत उत्तर दिलं होतं. आठवतं ना तुला? … तेच. मावशी ओरडली, ‘हात काढा! हा ॲन्सेल्म नव्हे!’ आम्ही सहाही जणांनी हात काढले आणि गाडी आली मागं, बसली पुन्हा रेतीत. पायच रोवले म्हण! तो उडी मारून केळीत पळाला. सॅन्टन मागं. पाटात पाय घसरला चोराचा, पडला तोंडावर आणि मफलर सॅन्टनच्या हातात!

… कोण म्हणजे? गेल्या आठवड्यात केळीचा बाग बघायला आलेला तोच. आता पाटलांच्या ओटीवर बसलाय. फिलोमिना मावशी त्याला चहा-पाव देऊन आली… अगं, उपाशी होता म्हणे! मावशी म्हणाली, आधी पोट, मग पोलीस.

… काय, ऑपरेटरबाई? नको, तोडू नका! आणखी तीन मिनिटं द्या… हो, हो, भरते.

हिल्डा, बाबांना खाली आण. जिना उतरवेल का? … उतरलेच आहेत? तुझ्या मागंच उभे? दे, दे त्यांना…

बाबा? … बाबा, गाडी बरी आहे. ओरखडासुद्धा नाही… हो, टायर चारही आहेत… स्टेपनीही आहे… बाबा, विकू नका.

… माहीत आहे. तुमच्यानं जागरण होत नाही आता. नकाच करू! घरात निजा, गादीवर निजा. तुम्हाला वाटतं, तुमच्यामागं तिला राखायला कोणी नाही. अहो, साखळी कापता येते, घंटेत चिंध्या कोंबता येतात. आईची ओवी कशी कापणार?

… हो, ढकलली आम्हीच. खरं आहे. धुक्यात डोळे फसले, बाबा. कान नाही फसले.

… का बोलत नाही? … खोकला आला? … बाबा, शेट आला का तिथं?

फ्लॉसीनं दाराकडं पाहिलं. फिलोमिना मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान हलवली. तेव्हा भुशाचा वास भरलेल्या त्या कचेरीत, हरिभाऊंच्या तराजूशेजारी, सहा जणांनी एका रिसीव्हरभोवती डोकी जोडली.

बाबा, ऐका हं. सगळी आहेत इथं.

‘हलेना, डुलेना… रुसली कशी गं बाय?’

…

… हॅलो?

… बाबा?

तारेतून खरखर आली, दूर कुठं ट्रामची घंटा वाजली. मग खोकल्यानं चिरलेला, ओला, सावकाश चालणारा एक सूर आला आणि फ्लॉसीचे ओठ त्याच्याबरोबर आपसूक हलू लागले.

‘नवरी बसल्यावाचून… पुढं टाकीना पाय!’

… हो, बाबा. हो. … हँडल विसरू नका. उद्या पहिल्या गाडीनं या, आम्ही धक्क्याला… हॅलो? … हॅलो?

तुटली लाइन. … हरिभाऊ, असे काय बघता? गिरणी चालू करा. गायले ते!