नऊ चिपांची पट्टी

बाबांनी वाट लावली, मामा, दुसऱ्या कुणी नाही — आमच्या वसंतरावांनीच. ही बघा जुनी रॅम. पट्टीवर नऊ काळ्या चिपा, मोजा. अशाच दोन हव्यात. आठवाली नको! सांगितलं ना, हा बोर्ड आठवाली ओळखतच नाही. अख्खी रिची स्ट्रीट पालथी घातली, जो तो आठवालीच पुढे करतो, वर ‘अ‍ॅडजस्ट पण्णिक्को, तंबी’ — म्हणे भागवून घे, पोरा. तुमचं शेवटचं दुकान — तुम्ही मराठी बोलता, निदान ऐका तरी. चार वाजता शोळिंगनल्लूरला कंपनीत हे मशीन दुप्पट मेमरीवर चालवून दाखवायचंय. मशीन त्यांचंच, तपासणीचं एक जुनं यंत्र फक्त याच्यावर चालतं. चाललं तर नोकरी — डिग्री न विचारता! कॉलेज सोडून दोन वर्षं झाली, डिग्री नको म्हणणारा तिथला साहेब हा पहिलाच माणूस.

बाबांनी काय केलं? परवा आयुधपूजा होती. तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनांना चंदन फासलं, रिटायर झाले तरी हात शिवशिवतात. मी झाकण काढून बसलोय, आणि हे मागून येऊन बोट थेट रॅमवर! चंदन, त्यावर कुंकू. वर म्हणतात, पूजा झाली, आता उद्यापर्यंत हात लावू नकोस. सगळं यांनाच कळतं! कॉलेज यांनी निवडलं, ब्रँच यांनी निवडली, नापास मात्र मी झालो —

काय? चंदन चिपेच्या पाठीवर आहे, पिनांना लागलेलंच नाही? दिसतंय मला, आंधळा नाही. हो, त्यानंतरही चालू होतं. स्क्रीन होती. मग? मग मी ओरडलो, ते वाटी हातात धरून तसेच उभे — हलेचनात — म्हणून खसाखसा पट्ट्या उपसल्या आणि त्यांच्या पायाशी फेकल्या. स्विच? नव्हता केला बंद. रागात कोण स्विच शोधतं?

असे बघू नका. मिळाली ना नऊवाली जोडी? बसवा. दाबा नीट, कट्ट वाजू दे. लावा स्विच. पंखा फिरतोय — फक्त पंखाच. पुन्हा लावा. त्या दुसऱ्या खाचांत घालून बघा. मामा, पुन्हा.

राहू दे. तुमच्या पट्ट्या चांगल्यायत, बोर्ड गेलाय. स्क्रू तेवढे द्या इकडे. चहा नको. नोकरी गेली.