पुलावरची मोकळी जागा

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, छायाचित्र-संग्रहालयातील मंडळी आणि माझ्या श्कोदरकर बंधुभगिनींनो,

संग्रहालयात जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या आपल्या तेरेझिनाबाई आज निवृत्त होताहेत. त्यांचं कौतुक बरंच झालं, ते योग्यच झालं. मी मात्र त्यांच्याशी भांडलेल्या घरातली आहे. अध्यक्ष म्हणाले, "चार शब्द बोला." बोलते.

माझे वडील, इंजिनिअर पाश्क. पुलाच्या उद्घाटनाचा वर्तमानपत्रातला फोटो तुम्ही पाहिलाय. मंत्र्यांच्या उजवीकडे ते उभे होते. पुढे सरकारच्या माणसांनी त्यांना धरून नेलं, गोळी घातली, आणि वर्तमानपत्रवाल्यांनी फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवरून त्यांना खरवडून तिथे नदी रंगवली. घरातले फोटो? ते आईनेच कापले, भीतीपोटी, शिवणाच्या कात्रीने. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती एकटीच उरली. आपल्यापैकी कितीजणांच्या अल्बमात अशी भोकं आहेत? हात वर करू नका. मला ठाऊक आहे.

राज्य बदललं. आई म्हातारी झाली. वडिलांना कबर नाही, निदान आपल्या कबरीच्या दगडावर तरी जोडीने फोटो असावा, एवढाच तिचा हट्ट. माझ्या भावाला दंडाला धरून तिने तेरेझिनाबाईंसमोर उभं केलं.

"हा माझा तोमा बघ. बापाचं नाक, बापाचे कान, मेलं टक्कलसुद्धा त्याचंच! याचं तोंड लाव त्या पुलावर. तुझ्या कॉम्प्युटरला काय जड आहे?"

"दिलाताई, त्यांनी एकदा या फोटोत खोटं घातलं. दुसऱ्यांदा माझ्या हातून नको."

"त्यांनी माझा नवरा नेला, तू तो परत देत नाहीस. मग तुझ्यात नि त्यांच्यात फरक काय गं?"

तेरेझिनाबाई रडल्या, पण हलल्या नाहीत. आठवड्याने फोटो स्वतः घेऊन आल्या. नदी रंगवलेली तशीच होती. खाली छापलं होतं : 'मंत्र्यांच्या उजवीकडे इंजिनिअर पाश्क उभे होते. त्यांना येथून पुसले आहे.' आईने त्या रंगवलेल्या नदीवरून बोट फिरवलं.

यंदा वसंतात ती गेली. दगडावर एका बाजूला तिचा फोटो आहे, शेजारी तो पूल, खालच्या त्या ओळींसकट. अनोळखी माणसं थांबतात, वाचतात, विचारतात, "कोण हो हे पाश्क?" आम्ही सांगतो. तिथे तोमाचं तोंड असतं, तर कुणी थांबलं असतं का?

तरीही तेरेझिनाबाई, आई नवऱ्याचं तोंड न बघताच गेली. तुमचं बरोबर होतं, आणि माझं काळीज अजून तुटतं. दोन्ही खरं आहे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. पण इतिवृत्त लिहिणाऱ्यांना एक विनंती, त्यातलं काही गाळू नका.