टेबल थोरलीच्या उंचीचं

—उंची? ती विचारू नका, दादा. म्हणजे तुम्ही विचारा, मशीन विकायचं तर तुम्हाला विचारावंच लागणार, पण आमच्या घरात हा प्रश्न विचारत नाहीत. कामाचं टेबल थोरल्या बाईच्या उंचीचं असतं, संपलं. का, ते विचारायचं नाही. मी पाच वर्षांची असताना विचारलं तर बाबा म्हणाले, दूध संपव. पंधराव्या वर्षी विचारलं तर म्हणाले, अभ्यास कर. आता पदवी झाली, ड्रॉइंगच्या पेपरात वर्गात पहिली आले, आज सकाळी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, चप्पल घाल, उशीर होतोय. आणि थोरली बाई कोण? ती बघा, धाग्याच्या रिळांपाशी खुर्चीत बसलीय, पाय जमिनीला टेकत नाहीयेत ती. माझी आत्या. बाबांची मोठी बहीण. चार फूट आठ इंच — आणि त्यात अंबाडा धरलाय. हळू बोला जरा. तिला कमी ऐकू येतं असं ती सांगते, पण विषय तिचा असला की सगळं स्वच्छ येतं.

नाही, चालवणार ती नाही. चालवणार आई. ती कोण म्हणजे — ती, खिडकीजवळची, उंच. नाही हो, तिचं काही पडलेलं नाहीये, ती काही शोधत नाहीये. ती तशीच उभी राहते. पाच फूट सात इंच आहे माझी आई, पण तुम्हाला दिसणार नाही, कारण वरचे पाच-सहा इंच सव्वीस वर्षांपूर्वी टेबलावर वाकले ते पुन्हा वर आलेच नाहीत. आमच्याकडे गोधड्या शिवतात ना — वरचं कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर, आणि तिन्हींतून टीप. बाकी सगळं ठीक, पण दोन माणसांची गोधडी साध्या मशीनवर शिवायची म्हणजे काय, तुम्हाला माहीत असेल. मशीनचा हात वीतभर, त्यातून एवढं बाड सारायचं. अर्धी गोधडी खांद्यावर, उरलेली काखेत, पदर तोंडात, आणि सुई चालू. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाईची कोणाशी तरी कुस्ती चाललीय. म्हणून हे लांब हाताचं हवंय. घरातल्या घरात मावेल असं, आणि अंग दुखणार नाही असं. दोनच अटी. तिसरी अट आत्याची आहे, ती मी सांगणार नाही.

हे बसून चालवायचं? हो, बघितलं मी. बाबा मघापासून त्याच्यावरून हात फिरवतायत, त्यांना फार आवडलंय. का आवडलंय सांगू? बसल्यावर सगळे सारख्याच उंचीचे. भांडण नाही, तंटा नाही, बाबांना तेवढंच हवं असतं. आमचे बाबा म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी गोधडी, उलटी पांघरा की सुलटी पांघरा. पण दादा, ह्यात मशीन जागेवर राहतं आणि कापड ढकलावं लागतं ना? मोठ्या गोधडीचं ओझं केवढं — आणि ते ढकलणार कोण? आईचा उजवा हात. तो हात — थांबा, ते नंतर सांगते. ते नकोच सांगायला. एवढंच समजा की ढकलायचं नकोय. ते दुसरं दाखवा, उभ्याने चालवायचं. चौकटीवर कापड ताणलेलं, मशीन रुळांवर, आणि दोन मुठी धरून नुसतं नेलं की जातं. हां, हे. अरे वा. हे तर करंगळीने ढकललं तरी सरकतंय.

जागा? जागा मोजलीय मी, तुम्ही त्याची काळजी नका करू. पुढची खोली तेरा फूट बाय अकरा. दहा फुटांची चौकट भिंतीला लावली तर बाजूने एक माणूस जाण्यापुरती वाट उरते, कपाट तेवढं आतल्या खोलीत न्यायचं. मी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून अगदी ह्या मापाचं मशीन करून जमिनीवर अंथरलं होतं, आठ दिवस. म्हटलं, सवय होऊ दे सगळ्यांना. आई त्याला वळसा घालून जायची, बाबा कडेकडेने वाचत जायचे, आणि आत्या? आत्या त्याच्या मधूनच जायची, मुद्दाम, चहाचा कप हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी बरोबर सुईच्या जागी कप सांडला. म्हणाली, गळतंय गं तुझं मशीन, वकीलबाई. मला वकीलबाई म्हणते ती. मी तोंड उघडलं की पहिलं वाक्य संपायच्या आत, आली वकीलबाई. आणि टाके सारखे पडतात ना ह्याच्यावर, हात हळू चालवा की भरभर — ते मी घरी कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणते, टाके मशीनने मोजायचे तर बाईने काय शेजारी उभं राहून टाळ्या वाजवायच्या?

तसं तिचं चूक नाही हां. म्हणजे चूक आहे, पण ऐकून घ्या. बाबा आठ वर्षांचे होते तेव्हा घरात कमावणारं कोणी उरलं नाही. आत्या अठराची. हाताने फिरवायचं एक मशीन आणि शेजाऱ्यांनी टाकून दिलेले कपडे, त्यातून तिने धंदा उभा केला. पहिल्या पैशांतून सुताराकडून टेबल करून घेतलं, तिच्या मापाचं, दुसऱ्या कुणाच्या करणार? बाबांच्या शाळेची पुस्तकं त्या टेबलावर, जेवण त्या टेबलावर, ते झोपायचे त्या टेबलाखाली. मग ते टेबल म्हणजे काय, देव्हाराच झाला. सगळं कबूल आहे मला. माझी फी त्या टेबलावरूनच आली. पण दादा, आत्याने टीप मारणं बंद करून सहा वर्षं झाली! डोळ्यांना सुई दिसत नाही. ती आता कापड लावून देते, टाचण्या टोचते, रंग ठरवते — रंग मात्र ठरवावेत तर तिनेच, करड्याच्या शेजारी पिवळा असा ठेवते की बघतच राहावं — पण शिवत नाही. शिवते आई. आणि टेबल? टेबल अजून तिथेच, आईच्या मांड्यांना लागतं. एखादा जिराफ बशीतून पाणी पितोय असं दिसतं.

बदललं का नाही? मीही हेच म्हणते. आईला म्हटलं तर म्हणते, मला सवय झालीय, तू नको डोकं घालूस. ह्या सवयीचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. आत्याचा येत नाही तेवढा आईचा येतो. तुम्हाला सांगते, ती काही साधी नाहीये. आत्याच्या तोंडावर एक शब्द बोलणार नाही, पण दुपारी एक ते तीन आत्या आडवी झाली की आमच्याकडे चिंध्यांच्या पोत्यातून लाकडाचे चार ठोकळे बाहेर येतात. हो ना! घोड्याला नाल ठोकताना कसा एकेक पाय उचलतात, तसा आई टेबलाचा एकेक कोपरा खांद्याने उचलायची आणि मी खाली ठोकळा सारायचे. दोन तास बाई सरळ उभी राहून कापणार, ताठ बसून शिवणार. तीनला पाच कमी असले की पुन्हा चारी पाय खाली, ठोकळे पोत्यात. आणि माझं काम पुढचं — आत्याच्या दाराशी पुस्तक घेऊन बसायचं आणि तिने कूस बदलली की खोकायचं. चौथीपासून खोकतेय मी. आत्याने मला खोकल्याची दोन-दोन औषधं पाजलीत, कडू जहर, आणि मी ती मुकाट्याने प्यायलेय. ही मी, वकीलबाई.

हसू नका, पुढचं ऐका. एकदा घाईत तीनच ठोकळे काढले, चौथा राहिला. आत्या उठून कामाला बसली तर कात्री घरंगळतेय, रीळ घरंगळतंय, चहा एकाच बाजूने सांडतोय. तिने टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं टेबल वाकडं असणं शक्यच नाही ना! म्हणाली, जमीन खचली. बाबांना पिटाळलं, गवंडी आणला. त्याने पट्टी लावून बघितलं, म्हणाला, बाई, जमीन सरळ आहे. आत्या म्हणाली, तुझी पट्टी वाकडी आहे. तोवर आईने ठोकळा पायाने काढून घेतलेला, मग सगळंच सरळ झालं, आणि गवंडी बिचारा आपली पट्टी न्याहाळत घरी गेला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून—

काय झालं? असे काय बघताय माझ्या मागे?

...आत्या. तू इकडे कधी आलीस? बस ना, खुर्ची— बरं, नको बसूस. काय म्हणालीस? कधीपासून? ते आईला विचारतेस की मला? आईला. सांग आई. — चौथीपासून, हो, मीच आत्ता म्हणाले, लपवायला काही उरलं नाही. दादा, तुम्ही जाऊ नका कुठे, तो पाना हातात असू द्या. आत्या म्हणतेय, माझ्यासमोर उंच केलं असतं तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं? नसतंस खाल्लं गं. तू एक शब्द बोलली नसतीस, फक्त त्या दिवसापासून टाचण्या लावायला आली नसतीस, खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली असतीस, आणि बाबांचं जेवण गेलं असतं. म्हणून तर तेरा वर्षं खोकले मी. — बाबा, ते बसायचं मशीन राहू द्या. सांगितलं ना का ते. नाही सांगितलं? मग सांगते. आई, सांगू? ती मान हलवतेय, नको म्हणून. मानसुद्धा नीट हलत नाही बघा तिची. मागच्या महिन्यात पांढरी गोधडी चालू होती, तर कापडावर एक लाल ठिपका आला, मग दुसरा. मी म्हटलं, आई, हे काय? तीही बघतेय, हे काय. सुई तिच्या बोटातून गेली होती, आणि तिला कळलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दबलीय, वाकायचं बंद झालं नाही तर आज बोटं बधिर आहेत, उद्या हात. तिने मला शपथ घातली होती, घरी बोलायचं नाही. हे घर नाही. दुकान आहे.

आई, ये इकडे. ये गं. उभी राहा मशीनपुढे. दादा, चौकट कुठवर असायला हवी म्हणालात? कोपरापाशी, खांदे सैल सोडून. मग घ्या वर. अजून. अजून थोडं. हां. आता मुठी धर, आई. — वाकू नकोस. आई, वाकायचं कारणच नाही, सगळं तुझ्यासमोर आहे. बघा, बघा, मशीन छातीशी आलंय तरी ही खाली शोधतेय. मान वर. तशी. आता ने, पुढे ने, हलकंच. जातंय ना? ...दादा, माझी आई बाबांपेक्षा उंच आहे. मला आत्ता कळतंय.

हं? काय म्हणतेय आत्या? पुन्हा म्हण, त्यांनाही ऐकू दे. “माझ्या घरातलं मशीन माझ्या उंचीला बसेल. खाली घ्या ते.” ऐकलंत? दादा, पाना उचलू नका. जरा थांबा. — आत्या, माझ्याकडे बघ. तुझा हात पोचणार नाही ह्याची तुला भीती वाटतेय, दुसरं काही नाही. टाचण्या कुठे लावू, रंग कुठे मांडू, ही पोरगी मला उद्या खाटेवर बसवून ठेवील. नाही ठेवणार. तुझं टेबल आतल्या खोलीत राहील, तुझ्या मापाचं, एक इंच कोणी हलवणार नाही, त्याच्यावर तू लावून दिल्याशिवाय एक कापड ह्या चौकटीवर चढणार नाही. हे मी तुला लिहून देते. पण हे मशीन खाली येणार नाही. नाही, बाबा, मध्ये पडू नका, आणि मध्यम उंचीही सुचवू नका. ना तिच्या कामाची, ना हिच्या. आई, तूसुद्धा नको बोलूस, चालतंय मला म्हणून. तुला चालतंय, तुझ्या बोटांना नाही चालत. आजवर तुम्ही तिघं सांगत आलात, विचारू नकोस. बरं, नाही विचारत. सांगते. खाली येणार नाही.

...

दादा, तिघंही माझ्याकडे बघतायत. तुमच्या पान्याकडे कोणाचं लक्ष नाही. तोवर बोल्ट घट्ट करून घ्या.