भास्करआबांनी सोडवलेली एक वायर

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलता येत नाही. मी दामू, धरणावर खात्याची बोट चालवणारा माणूस. माईक आज पहिल्यांदाच हातात घेतलाय, आणि समोर आबांचा फोटो आहे. गेल्या गुरुवारी आबा गॅरेजातच, काम करता करता गेले.

आत्ता तीन भाषणं झाली. आबा मनमिळाऊ होते म्हणे. कोण आबा? आपले भास्करआबा? नामपूरहून येऊन इथे पंचवटीत पंप आणि स्कूटरी दुरुस्त करणारे? ते अजिबात मनमिळाऊ नव्हते. ते कामचुकार माणसाला तोंडावर कामचुकार म्हणायचे. आज पहिल्या रांगेत जे बसलेत, त्यांतल्या दोघातिघांना म्हणाले होते. आज त्यांनीच सगळ्यांत मोठा हार आणलाय. आमच्या खात्याचे साहेबही तिथेच बसलेत. साहेब, घड्याळ बघू नका. पुराची गोष्ट कुणी काढली नाही. मी काढतो.

सात वर्षं झाली. मोबाईल तेव्हा धरणावर फक्त साहेबांकडे होता. बचावाच्या बोटीचं इंजिन दिवाळीनंतर बंद पडलं. दोरी ओढून ओढून माझे खांदे गेले, इंजिन हूं की चूं करेना. साहेबांनी मुंबईहून तज्ज्ञ आणला. त्याने इंजिनाचं झाकणसुद्धा काढलं नाही. वरून टिचकी मारली, चहा घेतला आणि म्हणाला, "आतलं सगळं जळालंय." झालं! 'इंजिन निकामी' असा अहवाल तयार झाला. मीही खाली सही केली. का केली? कारण साहेब पेन पुढे करून उभे होते, आणि मला कणा नव्हता. इंजिनावर ताडपत्री पडली, ती पावसाळ्यापर्यंत.

मग पूर आला. सकाळी अकराला निरोप आला, की नदीकाठच्या फुलांच्या मळ्यात नामदेव, त्याची बायको मंगलावहिनी आणि आई पंपाच्या खोलीवर अडकलेत. बोट कुठाय? ताडपत्रीखाली. साहेब काय करत होते? वरच्या ऑफिसला फोन करत होते. वरचे त्यांच्या वरच्यांना करत होते. या फोनाफोनीत दोन तास गेले, तेव्हा कुठे मी आबांकडे पळालो.

आबा पिशवी घेऊन आले. साहेब म्हणाले, "अहो, त्याला हात लावू नका, निकामी झालंय ते."

आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. झाकण काढलं. प्लग काढून वायरीला जोडला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. "ओढ रे दामू."

ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला. तरी नाही. इंजिनाच्या दुसऱ्या प्लगलाही नाही.

आबा थांबले. मला विचारलं, "हे इंजिन बंद कसं करतोस?"

मी म्हटलं, "आबा, चालू होत नाहीये. बंद करायचं काय विचारता?"

"विचारलं तेवढं सांग."

मी लाल बटण दाखवलं. ते दाबलं की करंट प्लगकडे न जाता इंजिनाच्या लोखंडात उतरतो, ठिणगी मरते आणि इंजिन थांबतं. आबांनी त्या बटणाची एक वायर सोडवली. फक्त एक. "आता ओढ."

निळी ठिणगी! लख्ख!

बटणात पाणी शिरून ते आतून गंजलं होतं, दाबल्यासारखं अडकून बसलं होतं. इतकंच. आबा साहेबांकडे वळून आपल्या नामपूरच्या बोलीत म्हणाले, "इंजिन चांगलं शे. बाकीचं काय निकामी शे, ते तुम्ही बघा." आणि मला म्हणाले, "बटण आता चालणार नाही. थांबवायचं झालं तर चोक ओढ."

हे सगळं वीस मिनिटांत झालं. मित्रांनो, वीस मिनिटांत! पण तोवर दीड वाजला होता. आबा बोटीत माझ्याबरोबर आले. आम्ही पोचलो तेव्हा छपरावर दोघीच होत्या. नामदेव अर्ध्या तासापूर्वी वाहून गेला होता. अर्धा तास!

पुढे काय झालं? बोटीत उभं राहून साहेबांनी फोटो काढून घेतला. आबांना नोटीस आली, सरकारी मालमत्तेला परवानगीशिवाय हात लावला म्हणून. मलाही आली. मी उत्तरात लिहिलं, की भास्कर मिस्त्री स्वतःहून आले, मी बोलावलं नव्हतं. हो, हे मीच लिहिलं. साहेबांना नावं ठेवताना मला कुणी वेगळं काढू नका.

वर्षभराने मी आबांपुढे हे कबूल केलं. ते कार्ब्युरेटर धूत होते. मान वर न करता म्हणाले, "तू माझ्याबाबतीत काय केलंस ते मला माहीत आहे. नामदेवच्या बायकोला सांगितलंस का?"

मी म्हणालो, "काय सांगू?"

"बोट का आली नाही, ते."

मी सांगितलं नाही. आबांनी त्यानंतर माझी स्कूटर दुरुस्त केली, पण चहा कधी विचारला नाही. बरोबर केलं त्यांनी.

मंगलावहिनी, तुम्ही मागे खांबापाशी बसलात, मला दिसताय. साहेबांनी तुम्हाला सांगितलं होतं, पाणी फार होतं, बोट टाकता आली नाही. ते खोटं आहे. बोट टाकता आली असती. एक बटण अडकलं होतं आणि नऊ महिने कुणी झाकण उघडलं नाही. निकामी म्हणून सही करणाऱ्यांत मी होतो. वहिनी, नामदेव पाण्याने नाही गेला. आमच्यामुळे गेला.

माझं संपलं. आता आबांसाठी आणि नामदेवसाठी दोन मिनिटं उभे राहू. साहेब, तुम्हीसुद्धा उठा. आणि मान खाली घालू नका. वहिनी तुमच्याकडे बघतायत.