हवेत राहिलेला चेंडू

...नाही नाही, विचारलं होतं मी! न विचारता घेईन का? तुम्हाला सांगतो, उभी हयात प्रश्न विचारण्यात गेली माझी. मंत्र्यांना विचारले, पोलिसांना विचारले, कळमना मार्केटात संत्र्यांच्या ढिगाशी उभं राहून अडत्यांना विचारले. एकाने चिडून संत्रं फेकून मारलं, ते सोलून खाता खाता पुढचा प्रश्न विचारला! तो मी, एक जुनं गेमचं मशीन घेताना विचारणार नाही? विचारलं होतं!

आता तुम्ही म्हणाल, या वयात ह्याला गेम कशाला हवा? गेम नको हो! बदला हवाय! ऋषीचा!

ऋषी म्हणजे माझा साळा, बायकोचा, म्हणजे भावनाचा, धाकटा भाऊ, लकडगंजला प्लायवूडचा धंदा. दोन हजार सातची भाऊबीज, दुपारची वेळ, त्याच्या घरी, त्याच्या मशीनवर आमची क्रिकेटची मॅच. शेवटचा चेंडू, मला हवेत चार. त्याने टाकला, मी बटण दाबलं, बॅट फिरली, चेंडू उडाला, मिडविकेटवरून, असा वर... वर... आणि लाईन गेली! लोडशेडिंग! टीव्ही काळा! आणि हा गादीवर उड्या मारून ओरडतो काय, "भाऊजी हारले! भाऊजी हारले!"

अरे, हरलो कुठे? चेंडू हवेत होता! कॅच घेतलेला पाहिला कोणी? नाही ना? मग बातमी कच्ची आहे ही! पण ऐकतो कोण? तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, तेरवी असो... अहो, तेरवीलासुद्धा!... पाहुण्यांना ओळख करून देताना हा काय म्हणतो? "हे आमचे भाऊजी. लोडशेडिंगमधी हारलेले." मी भूखंड घोटाळा काढला होता हो! त्याचं नाव नाही!

तर ते मशीन पुढे मेलं. डिस्क मात्र मी उचलून आणली होती, पुरावा म्हणून. आता ती चालवायची कशावर? तसलं मशीन आज मिळत नाही, मिळालं तर त्याची लेन्स गेलेली. मग कळलं की त्याच्यानंतरचं जे मशीन आलं ना, त्यात आधीच्या मशीनच्या डिस्क चालतात. बॅकवर्ड कंपॅटिबल म्हणतात त्याला. म्हणजे नवी सून जुन्या सासूचं ऐकते तसं काहीतरी. फक्त सगळ्याच सुना ऐकत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नाही!

आमच्या नागपुरात, महाल भागातल्या एका गल्लीत अंकितचं दुकान. सेकंडहँड माल. मे महिना, बाहेर आग, दारात त्याचा कूलर खडखडतोय. मी म्हटलं, "ह्याच्यात आधीच्या मशीनची डिस्क चालते?"

"चालते ना काका! काहून नाही चालणार?"

काका! ठीक आहे. मी म्हटलं, "नक्की?"

"बिनधास्त घेऊन जा ना काका! चालली नाही तर माहं नाव बदला!"

तरी मी थांबलो नाही. आमच्या धंद्यात एका सूत्रावर बातमी करत नाहीत, दोन लागतात. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे नत्थूजी बसले होते, डोळ्याला भिंग लावून. त्यांना स्वतंत्रपणे विचारलं. त्यांनी भिंग न काढता सांगितलं, "पोरगं खोटं नाही बोलत गा."

झालं! दोन सूत्रं! वर मोबाईलवर रेकॉर्डिंगही केलेलं! घेतलं मशीन, घरी आणलं, जोडलं, डिस्क टाकली. टीव्हीवर काय आलं? ही डिस्क या मशीनवर चालत नाही! आणि भावना मागून म्हणते, "अहो, तिथंच टाकून पाहिली नाही?"

"विचारलं होतं मी!"

"पण डिस्क तर तुमच्या बॅगेतच होती ना?"

"विचारलं होतं, भावना!"

"अहो, पण टाकून..."

आम्ही बातमीदार आहोत, आम्ही विचारतो! पूल मजबूत आहे का, हे इंजिनिअरला विचारतो, पुलावर उड्या मारून पाहतो का?

दुसऱ्या दिवशी भर उन्हात अंकितसमोर उभा राहिलो. तो म्हणतो, "टाकून पाहाची होती ना काका. टीव्ही तर लावूनच होता." खरंच लावून होता! समोर! मी म्हटलं, "तू चालते म्हणालास! रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे!" आणि ऐटीत बटण दाबलं. मोबाईलमधून काय येतं? खडखडखडखड... कूलर! पाच मिनिटं नुसता कूलर! मध्येच माझा आवाज, "नक्की?" आणि पुन्हा खडखडखड. तो नत्थूजींकडे वळून म्हणतो, "पाहा मामंजी, काका कूलरची मुलाखत घेऊन राहिले."

मामंजी! सासरा होता हो त्याचा! माझं स्वतंत्र सूत्र!

तिथेच ठरवलं, ह्याला छापायचा. आधी ऋषीचा बदला होता, आता दोन झाले. बारा दुकानं पालथी घातली, कारागिरांना गाठलं, अन् मर्म सापडलं. मशीन दिसायला सारखंच, पण समोर यूएसबीच्या चार खाचा असतील तर जुन्या डिस्क चालतात, दोन असतील तर नाही. माझ्याला दोन! अशी बातमी लिहिली म्हणता... "दरोडेखोर" लिहिलं, "लांडगे" लिहिलं, मामंजींवर वेगळी चौकट केली. आमच्या सिटी एडिटर मेघाने वाचलं आणि म्हणाली, "सर, हे पर्सनल वाटून राहिलं." पर्सनल! दरोडेखोर कापले, लांडगे कापले, मामंजी गेले चौकटीसकट, अंकितचं नावही गेलं. उरलं काय? आतल्या पानावर चार ओळी: चार खाचा पाहून घ्या, दोन असतील तर घेऊ नका.

सगळ्या नागपुरात ती बातमी वाचली कोणी? एका माणसाने! सकाळी फोन, "भाऊजी, पहिल्यांदाच कामाची बातमी लिहिली तुमी! कात्रण घेऊन गेलो ना मी महालात, अंकित म्हणून पोट्टा आहे एक. कात्रण पाहून असा घाबरला, आतून चार खाचावालं काढून देल्लं! टाकूनही दाखवलं. या ना रविवारी. डिस्क तुमच्याजवळच आहे ना?"

माझी बातमी! माझा अंकित! माझ्या खाचा! पण बदला तर घ्यायचाच होता ना? गेलो. भावनाही आली, सासरचे सगळे जमले, चिवड्याची परात मध्ये. मी खाचा मोजल्या. चार. ह्या वेळी विचारलं नाही कोणाला, सरळ डिस्क टाकली. चालली!

आणि काय खेळलो, तुम्हाला सांगतो! शेवटची ओव्हर, शेवटचा चेंडू, मला हवेत चार. तेच चार! त्याने टाकला, मी बटण दाबलं, बॅट फिरली, चेंडू उडाला, मिडविकेटवरून, असा वर... वर... आणि मी पंख्याकडे पाहिलं. फिरत होता. बल्बकडे पाहिलं. जळत होता. इतकी वर्षं ज्या वीज मंडळाविरुद्ध लिहीत आलो, त्याला मनातल्या मनात म्हटलं, जा ना रे, आत्ता जा, एक सेकंद जा!

चेंडू खाली आला. सरळ फिल्डरच्या हातात.

परवा एका बारशाला गेलो होतो. ऋषी पाहुण्यांना घेऊन आलाच. "हे आमचे भाऊजी," म्हणाला, "लाईन असतानी हारलेले."

मी पाहुण्यांना नमस्कार केला. बातमी पक्की आहे.